‘सेट’ वाचताना ‘बसवणे’ हाताशी ठेवा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी बावीस वर्षं कोअर शॉपला होतो. कोअर म्हणजे ओतलेल्या वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. एका सकाळी नव्यानं लागलेल्या पोरानं कोअर उचलला आणि तो त्याच्या हातातच ढासळला. भिंतीवर कागद होता : ‘डू नॉट लिफ्ट अंटिल सेट’. पोरगा मराठी शाळेतला, पण इंग्रजी अक्षर न अक्षर वाचलं होतं त्यानं. आम्ही शॉपमध्ये ‘कोअर सेट कर’ म्हणतो ते साच्यात कोअर बसवण्याला. साचा तयार होता, तेव्हा सेट करायची वेळ झाली, असं त्यानं धरलं. कागदावरचा ‘सेट’ मात्र वाळू घट्ट होण्याचा होता. पोराला बोलणी बसली आणि मला ते फार लागलं. संध्याकाळी त्या कागदाखाली मी मराठीत लिहिलं, ‘वाळू घट्ट झाल्याशिवाय कोअर उचलू नये’. गोकाकच्या जोडीदारानं खाली तेच कन्नडमध्ये लिहिलं.

आता वडगावात घरीच दहावीची आणि आयटीआयची मुलं शिकायला येतात. त्यांना मी हा शब्द पहिल्याच आठवड्यात देतो. १९८९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली, तेव्हा तिच्यातली सगळ्यांत लांब नोंद याच शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचेच चारशेहून जास्त अर्थ. ते पाठ करायला जाऊ नका.

आधी एवढं ध्यानात घ्या : ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे मुळात बसवणे. जुन्या इंग्रजीत हे नातं आपल्या बसणे-बसवणेसारखंच होतं. कन्नडमध्येही बसवण्याला ‘कूरिसु’ म्हणतात. म्हणून क्रियापद दिसलं की पहिल्यांदा ‘बसवणे’ लावून बघा. डॉक्टर हाड ‘सेट’ करतो, म्हणजे हाड बसवतो. सोनार खडा ‘सेट’ करतो, म्हणजे कोंदणात बसवतो. गजराचं घड्याळ सेट करणं म्हणजे काटा हव्या त्या वेळेवर बसवणं. तारीख किंवा किंमत ‘सेट’ करणं म्हणजे ठरवणं. आपणही दर बसवतोच की. परीक्षेचा पेपर ‘सेट’ करणं तेवढं आपल्याकडे पेपर ‘काढणं’ होतं. तिथं उलटं वाटतं, म्हणून ते वेगळं लक्षात ठेवा.

दुसरी पायरी : कोणी काही बसवतंय, की वस्तू आपोआप बसतेय? पुढं कर्म नसेल तर बहुतेक दुसरं. सिमेंट ‘सेट्स’, जेली ‘सेट्स’, कोअरची वाळू ‘सेट्स’ : सगळीकडे घट्ट होणं. सूर्य ‘सेट्स’ म्हणजे मावळतो. आमच्या पोराची फसगत झाली ती नेमकी इथं. म्हणून शॉपमधल्या सूचना वाचताना ‘कोण? कशाला?’ हे दोन प्रश्न विचाराच.

मागं ‘अ’ किंवा ‘द’ असेल तर बहुतेक नाम, आणि अर्थ बहुधा जुळणीचा : कपांचा सेट, पान्यांचा सेट, टेनिसमधला सेट. हॉटेलातला सेट दोसाही त्यातलाच, एका ताटलीत दोन-तीन मऊ दोसे एकत्र येतात म्हणून. या नामाचं मूळ निराळं, फ्रेंचमधून आलेलं. त्याला ‘बसवणे’ लावत बसू नका. शेतकऱ्यांच्या विजेच्या कागदावरचा ‘आयपी सेट’ म्हणजे सिंचनाचा पंपसेट. घरी कागद आला की मुलांनी तो वडिलांना वाचून समजावावा, असं मी सांगतो.

सगळ्यांत जास्त वेळ द्या तो शेपटीच्या शब्दाला. ‘सेट अप’ म्हणजे उभारणं किंवा मशिनची जुळवणी. ‘सेट ऑफ’ आणि ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासाला निघणं, पण हिशेबात ‘सेट ऑफ’ म्हणजे येणं-देणं परस्परांत वळतं करणं. ‘मान्सून हॅज सेट इन’ म्हणजे पाऊस लागला. खानापूरकडच्या मुलांना हे वाक्य एकदा दिलं की परत सांगावं लागत नाही. ‘सेटबॅक’ म्हणजे पीछेहाट. घराच्या नकाशावर तोच शब्द हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेसाठी असतो.

‘सेट असाइड’ला मात्र फार जपा. पैसे ‘सेट असाइड’ केले म्हणजे बाजूला ठेवले. कोर्टाच्या कागदावर ‘द ऑर्डर इज सेट असाइड’ असेल तर तो आदेश रद्द झाला. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी जमिनीच्या निकालात हे वाचलं आणि आपल्याविरुद्धचा आदेश नुसता बाजूला ठेवलाय, पुढं कधीतरी बघतील, असं समजून दोन महिने घोर लावून घेतला. निकाल त्यांच्याच बाजूनं लागला होता!

आपल्या बोलण्यातला ‘सेट’ इंग्रजीत जसाच्या तसा नेऊ नका. ‘पोरगा पुण्याला सेट झाला’ हे इंग्रजीत ‘सेटल्ड’ होतं. नुसतं ‘ही इज सेट’ म्हणजे तो तयार आहे. ‘सेटिंग लावली’ हा तर आपलाच वापर. मुलाखतीत ‘सेटिंग’ म्हणाल तर समोरचा मशिनची मांडणी समजेल. आणि कारखान्याच्या जाहिरातीत ‘सेटर कम ऑपरेटर’ दिसलं तर समजा : जॉब चकमध्ये म्हणजे मशिनच्या पकडीत बांधणं, टूलचा ऑफसेट म्हणजे मापातला फरक मशिनला देणं, पहिला पीस मापात काढणं आणि मग मशिन चालवणंही, ही सगळी कामं तुमच्याकडे आहेत. पगार विचारताना ती चारही मोजून सांगा.

रूपं सोपी : सेट, सेट, सेट. भूतकाळातही बदल नाही. ‘ही सेट्स’ असेल तर आत्ताचं किंवा रोजचं, ‘ही सेट’ असेल तर झालेलं. बाकी वेळी काळ शेजारच्या शब्दांवरून ओळखा, ‘यस्टरडे’ कुठं आहे ते शोधा.