फौजेतून वर्षभर सुट्टी हवी आहे? आधी हिशेब मांडा

तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये मी हेडक्लार्क होतो. सुभेदार म्हणून पेन्शन आलो आणि नाशिकरोडला घर केलं. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडची पोरं सुट्टीवर आली की कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो, "साहेब, एक वर्ष बिनपगारी घरी राहता येईल का?"

नाही. जवानासाठी तशी सोयच नाही. वर्षाला ६० दिवस एएल म्हणजे वार्षिक रजा आणि ३० दिवस सीएल म्हणजे किरकोळ रजा, बस्स. अग्निवीर असाल तर वर्षाला ३० दिवस. सीएल एएलला जोडताही येत नाही. दोन वर्षांपर्यंतची अभ्यास रजा असते, पण ती अधिकाऱ्यांसाठी. हे बदलायला हवं असं माझं मत आहे, त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी आज हातात आहे त्यात कसं भागवायचं ते बघू.

पहिल्यांदा, वर्ष खरंच लागणार आहे का ते तपासा. द्राक्षबागेचंच घ्या. वडील थकलेत, ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत घरी राहायचंय, म्हणजे चार-साडेचार महिने झाले. पण घरच्यांचा खरा जीव जातो तो छाटणीनंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत. पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं), फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, आणि मध्येच पाऊस आला तर डावणी रोगासाठी रात्री-अपरात्री फवारणी. एएल इथे लावा. काढणी व्यापाऱ्याची माणसंच करतात. तेव्हा दहा दिवस सीएलवर या, वजनकाट्याजवळ उभे राहा आणि पैसे हातात घेऊनच परत जा. मधले दिवस मजूर लावून निघतात.

हे जमायचं तर युनिटचा पुढच्या वर्षाचा लीव्ह प्लॅन बनत असतानाच नाव घाला. ऐन सप्टेंबरात बीएचएमकडे (बॅटरी हवालदार मेजरकडे) गेलात तर तो तरी काय करणार? त्याच्यासमोर दिवाळी मागणारे वीस जण आधीच उभे असतात.

अर्जात "घरेलू समस्या" एवढं लिहून कधीच देऊ नका. असे अर्ज मी ढिगाने पाहिलेत आणि ते ढिगातच राहतात. काय झालंय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तुमची गरज आहे, घरात दुसरं कोण आहे आणि त्याच्याकडून ते का होणार नाही, या चार गोष्टी लिहा. ऑपरेशन असेल तर डॉक्टरांची तारीख घातलेली चिठ्ठी जोडा. सीओ म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांसमोर इंटरव्ह्यूला उभे राहाल तेव्हा हेच विचारलं जातं.

बांधाच्या वादासाठी मात्र सुट्टी जाळू नका. तुम्ही तहसीलमध्ये चकरा मारून तारीख पुढे ढकललेली ऐकून परत येणार. त्यापेक्षा युनिटमार्फत आयएएफडी-९०१ हा फॉर्म भरा, तो सीओच्या सहीने जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सोबत सातबारा आणि फेरफाराची नक्कल लावा. नंतर नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घरच्यांना पाठपुराव्याला पाठवा.

आजारपण लांबणार असेल, तर सुट्टी मागण्याऐवजी बदली मागा. कम्पॅशनेट ग्राउंडवर, म्हणजे घरची अडचण बघून, घराजवळ पोस्टिंग मिळू शकते. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पातच आहे, म्हणून पोरं थेट गेटवर जाऊन उभी राहतात. उपयोग नाही. कागद युनिटमधूनच यावा लागतो.

सुट्टी संपत आली आणि काम राहिलं, तर ती संपायच्या आधीच वाढ मागा. स्वतः आजारी पडलात तर देवळालीच्या एमएचमध्ये (लष्करी दवाखान्यात) रिपोर्ट करा आणि युनिटला कळवा. गप्प बसून ओएसएल, म्हणजे सुट्टी संपूनही गैरहजर, होऊ नका. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ३९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गैरहजेरीला ३० दिवस उलटले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) बसते आणि तुमच्या नावापुढे जे लिहिलं जातं ते पुसताना नाकी नऊ येतात.

रागाच्या भरात डिस्चार्ज मागणाऱ्यांना मी एकच विचारतो, सर्व्हिस किती झाली? जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात. तेरा-चौदा वर्षांवर कागद टाकणारा आयुष्यभराची पेन्शन घालवतो. डिग्रीसाठी नोकरी सोडायची तर गरजच नाही. आपल्या नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, नोकरी करता करता पदवी होते.

आता माझं मत. एक-दोन वर्षांचा ब्रेक द्यावा, पण फुकट नको. अमेरिकेच्या नौदलाने २००९ मध्ये हा प्रयोग सुरू केला. जास्तीत जास्त तीन वर्षं बाहेर राहायचं, आणि बाहेरच्या प्रत्येक महिन्यामागे परत येऊन दोन महिने नोकरी करायची. त्या काळात मूळ पगाराचा फक्त पंधरावा हिस्सा मिळतो, पण दवाखान्याची सोय चालू राहते. ही वर्षं पेन्शनमध्ये धरत नाहीत आणि बढतीला मागच्या बॅचबरोबर बसावं लागतं. मला हे रास्त वाटतं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला जवानांना अधिकाऱ्यांसारखीच बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा मंजूर झाली, म्हणजे दार किलकिलं झालंय.

विरोध करणारे म्हणतात की माणूस आधीच कमी, पोस्टवर उभं कोण राहणार? प्रश्न खरा आहे. त्यामुळे सैनिक संमेलनात, म्हणजे सीओ साहेब आणि जवानांच्या बैठकीत, हा मुद्दा मांडायचा असेल, तर मागणीबरोबर उत्तरही घेऊन जा. फील्डची (सीमेकडच्या पोस्टिंगची) टेन्युअर संपल्यावर, पीसला (शांत भागातल्या पोस्टिंगवर) आल्यावरच ब्रेक मिळावा. युनिटमधून एका वेळी ठरावीक जणच जावेत. आणि परत आलेल्या गनरला थेट तोफेवर न चढवता आधी पुन्हा ट्रेनिंग द्यावं, फिजिकल आणि फायरिंग पास झाल्यावरच क्रूमध्ये घ्यावं. देवळालीच्या रेंजवर ज्याने एकदा मिसफायरची (तोफेतून गोळा न सुटल्यावर करायची) ड्रिल केली आहे, त्याला या अटीचं कारण विचारावं लागत नाही.