शेपटीकडे जड झालेले विमान

माझे रिमोटने उडणारे, फोमचे, उंच पंखाचे (पंख धडाच्या वर असलेले) शिकाऊ विमान हातातून सोडताच नाक वर करून वेग गमावत असे. ट्रिम, म्हणजे रिमोटवरून करायची बारीक जुळणी, बदलूनही उपयोग होईना, तेव्हा पंखाखाली दोन बोटे टेकवून तोल पाहिला. शेपूट स्पष्टपणे खाली गेली. अशा विमानाचा गुरुत्वमध्य साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या (पुढून मागे मोजलेल्या) रुंदीच्या २५ ते ३३ टक्के अंतरावर असावा लागतो. तो मागे सरकला, की एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटीवरच्या हलत्या पट्टीच्या) लहानशा हालचालीलाही विमान अवाजवी प्रतिसाद देते. म्हणून लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पुढे सरकवून, नाक किंचित झुकेल इतका तोल साधला आणि ती वेल्क्रोच्या पट्टीने घट्ट बांधली, कारण उड्डाणात बॅटरी मागे घसरणे फार धोकादायक असते. त्यानंतर वाऱ्याकडे तोंड करून सोडलेले विमान सरळ चढले.