शिशाच्या जमिनीत मोहरी लावताय? या चुका टाळा

नागपुरात कळमन्याकडे एका प्लॉटवर पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे, त्यांतलं शिसं मातीत मिसळलं. मोहरी मातीतलं शिसं थोडंफार ओढून घेते, म्हणून जमीन साफ व्हावी यासाठी मालकाने तिथे ती लावली. मी गेले तेव्हा उपटलेली मोहरी भिंतीशी वाळत पडली होती आणि दोन बकऱ्या ती चघळत होत्या. त्यांचं दूध कुणाच्या तरी घरी जात असणार, हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

पालापाचोळा कुजतो, शिसं कुजत नाही. ते फक्त मातीतून झाडात येतं. म्हणून ही मोहरी भाजीला नको, गुरांना नको, कंपोस्टच्या खड्ड्यात नको. चुलीत तर मुळीच नको. राखेत शिसं आणखी दाट होतं आणि मातीत कॅडमियम हा दुसरा विषारी धातू असेल तर तो धुरासोबत उडतो. वाळवायचीच तर ताडपत्रीवर, कुंपणाच्या आत. मग पोत्यात बांधून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. नागपूरजवळ बुटीबोरीला तशी सोय आहे.

विळ्याने वरवर कापू नका. शिसं बहुतेक मुळांतच अडकून राहतं. काळी माती वाळली की मूळ तुटतं, म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि सकाळी मुळासकट उपटा.

आता हिशेब. 100 चौरस मीटर जागेत वरच्या 20 सेंटिमीटर थरात साधारण 26 टन माती असते. किलोमागे 300 मिलिग्रॅम शिसं धरलं, तर एकूण जवळपास 7.8 किलो. एका हंगामात 50 किलो वाळलेली मोहरी निघाली आणि तिच्या किलोमागे 100 मिलिग्रॅम शिसं आलं, तरी बाहेर पडलं फक्त 5 ग्रॅम! आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत शिसं घट्ट धरलेलं असतं, त्यामुळे एवढंही येईलच असं नाही.

यावर कुणी ईडीटीए नावाचं, मातीला चिकटलेलं शिसं सोडवणारं रसायन टाकायला सांगेल. उघड्या वावरात नका टाकू. त्याने शिसं सुटतं खरं, पण पिकाने घेतलं नाही ते पाण्यासोबत खाली उतरतं. उन्हाळ्यात आपल्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून थेट विहिरीच्या दिशेने जातं.

माती परीक्षणाला देताना नत्र-स्फुरद-पालाशचा नेहमीचा अहवाल मागून उपयोग नाही. शिसं, कॅडमियम, क्रोमियम असं नाव घेऊन सांगा, एकूण किती आणि पिकाला उपलब्ध किती, दोन्ही आकडे घ्या.

शिसं जास्त निघालं तर मोहरीचा नाद सोडा. वाळा लावा, मधल्या जागेत गवत दाट वाढू द्या. धूळ उडाली नाही की अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या हातातोंडात ती जात नाही.