ड्राइव्हचा ट्रिम सेन्सर बदलताना

पानशेत-मुळशीच्या पाण्यात मीठ नाही, तरी सतत ओला राहून मर्क्रूझर ड्राइव्हचा (बोटीच्या मागचा, पंखा फिरवणारा भाग) ट्रिम सेन्सर, म्हणजे ड्राइव्ह किती वर-खाली झुकलाय ते गेजला कळवणारा भाग, जातोच. गेजचा काटा थरथरतो किंवा एकाच जागी अडकतो. दोष सेन्सरचाच आहे का, हे आधी बघा: बोटीच्या आतल्या बाजूला त्याच्या दोन्ही वायरी सोडवा, मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवा आणि कुणाला तरी ड्राइव्ह सावकाश वर-खाली करायला सांगा. आकडा सलग बदलला तर सेन्सर ठीक. मग गेज किंवा वायरिंग तपासा. आकड्याने उड्या मारल्या, तर सेन्सर बदला.

मागून पुढे पाहिलं की गिंबल रिंगच्या (ड्राइव्हला धरणारी कडी) उजवीकडचा तो सेन्सर. डावीकडे तसाच दिसणारा असतो तो लिमिट स्विच (ड्राइव्हला ठरावीक मर्यादेपलीकडे वर जाऊ न देणारा), गल्लत नको. बॅटरी काढा, ड्राइव्ह पूर्ण खाली घ्या. दोन स्क्रू जाम असतील तर भेदक तेल (गंजलेल्या फटीत शिरणारं) मारून थांबा. जोर केला की डोकं तुटतं.

खरी कटकट वायरीची. ती गिंबल हाउसिंगमधून (बोटीच्या मागच्या भिंतीवर बसवलेला, ती रिंग धरणारा भाग) आत जाते, आणि बऱ्याच बोटींवर त्यासाठी ड्राइव्ह उतरवावाच लागतो. बाहेर कापून जोड देण्याचा मोह टाळा, पाणी शिरतंच. नवी वायर जुन्याच वाटेने न्या; वळताना ताण पडला की पुन्हा तुटेल. आतले जोड हीट-श्रिंकचे (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) करा.

शेवटी स्क्रू सैल ठेवून, ड्राइव्ह खाली असताना सेन्सर फिरवा. काटा तळाच्या खुणेवर आला की आवळा.