पाणी येईल त्या दिवशी बॅरल घासा: सोलापूरकरांसाठी डासांचा बंदोबस्त

डास वाढले की आपण आधी गटारीकडे बोट दाखवतो. गटारीत डास होतात हे खरंच, पण डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटारीतला नव्हे. त्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसाउजेडी चावतो आणि अंडी घालतो साठवलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे असं पाणी घरोघरी आहे: मोरीतलं पिंप, जिन्याखालचा बॅरल, अंगणातला हौद, गच्चीवरची टाकी. हा डास फार लांब उडत नाही. तो चावत असेल तर त्याचा जन्म तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या पाण्यात झाला, असं धरून चाला.

बॅरल आणि पिंप

अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास, एवढं व्हायला सोलापूरच्या उन्हात आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करा असं सगळीकडे सांगतात. इथे मात्र मेख आहे. पाणी पाच दिवसांनी येत असेल आणि तुम्ही एक पाळी सोडून बॅरल घासलात, तर दहा दिवस होतात. तेवढ्यात डास उडून गेलेला असतो. तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात प्रत्येक पाळीला घासायचं. दिवसाआड येत असेल तर आठवड्यातला एक वार ठरवून टाका.

दुसरी चूक याहून मोठी आहे. तळाशी दोन घागरी पाणी उरलेलं असतं आणि नळ आला की त्यावरच भर घातली जाते. बॅरल कधी रिकामा होतच नाही. दोन बॅरल असतील तर एक पूर्ण संपवून मगच दुसऱ्याला हात लावा, म्हणजे पाळीच्या दिवशी निदान एक तरी रिकामा मिळतो. दुसऱ्यातलं उरलेलं पाणी भांड्याकुंड्यांत काढून तोही घासून घ्या.

घासायचं असं:

१. पाणी पहाटे येत असेल तर हे काम आदल्या संध्याकाळी उरका. नळ सुरू झाल्यावर घासायला कुणालाच सवड नसते.

२. उरलेलं पाणी फडक्यातून गाळून झाडांना किंवा संडासाला वापरा. फडक्यावर राहिलेल्या अळ्या कोरड्या मातीत टाका, तिथे त्या मरतात. गटारीत ओतल्या तर जगूही शकतात.

३. काथ्याने किंवा ताठ ब्रशने आतली भिंत घासा. जोर द्यायचा तो पाण्याची रेघ उमटते त्या पट्ट्यावर. एडिसची मादी पाण्याच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ती बारीक, काळी, मोहरीपेक्षाही लहान असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं खळबळून पाणी ओतून दिलं तर अंडी जागेवरच राहतात आणि नवं पाणी चढलं की फुटतात.

४. बॅरल पालथा घालून वाळू द्या, ऊन असेल तर उन्हात. अर्धा तास मिळाला तरी चालेल.

५. भरताना काठाखाली चार बोटं जागा सोडा. वर जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं दुहेरी कापड घालून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने ताणून बांधा. कापड मध्ये लोंबून पाण्याला टेकलं तर मादी त्या ओल्या कापडावरच अंडी घालते. प्लॅस्टिकचं झाकण असेल तर तडे आणि कडेची फट तपासा.

अळ्या आहेत का ते पाहायचं तर बॅटरीचा उजेड टाका. धक्का लागला किंवा सावली पडली की त्या वळवळत तळाला जातात आणि पाणी नितळ वाटतं. दोन मिनिटं हलू नका. श्वास घ्यायला त्या वर येतातच, शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लोंबतात.

हौद, टाकी, कूलर

जमिनीतला हौद दर पाळीला उपसणं जमत नाही. पिण्याचा नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा, पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला पाच ते दहा. माशांसाठी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे चौकशी करा. मासे मरण्याचं नेहमीचं कारण क्लोरीन. नळाचं ताजं पाणी भरल्या भरल्या मासे टाकू नका, एक दिवस पाणी उघडं ठेवून मग सोडा. हे मासे तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना ते जड जातात. आरोग्य सेवकाने हौदात अळीनाशक टाकलं असेल तर नंतर किती दिवस तो धुवायचा नाही हे त्यालाच विचारून घ्या. शेतीच्या दुकानातलं कीटकनाशक स्वतःच्या मनाने पाण्यात कधीही टाकू नका.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट बसवा, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी बांधा. ही जाळी बहुतेक घरांत नसते. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपालाही जाळी लागते, गटारीतले क्युलेक्स डास तिथून थव्याने निघतात. नायलॉनची जाळी आपल्या उन्हात लवकर विरते, स्टीलची टिकते.

कूलरचं पाणी उन्हाळाभर आठवड्याला बदला. खरा धोका मात्र जूनमध्ये असतो. पहिला पाऊस झाला की कूलर बंद होतो आणि तळातलं पाणी तसंच राहतं. बंद करायच्या दिवशीच पाणी सोडून द्या, तळ आणि कडा घासा, गवताच्या ताट्या काढून फेका किंवा कडक उन्हात वाळवा. मग फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, मनीप्लँटची बाटली, पक्ष्यांचं पाणी आणि गच्चीवर टाकलेले टायर बघून घ्या. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरमध्ये असतो, तेव्हा ही फेरी दिवाळीपर्यंत सोडू नका.

घरात शिरलेले डास

खिडकीच्या जाळीचं भोक दीड मिलिमीटरपेक्षा मोठं नको. वेल्क्रोची जाळी लावायची असेल तर चौकटीवरची धूळ पुसून, स्पिरिटचा बोळा फिरवून, कोरडी झाल्यावर पट्टी चिकटवा. धुळीवर लावलेली पट्टी एप्रिलच्या उन्हात सुटून येते. मोरीचा झरोका विसरू नका.

पंखा कामाचा आहे, डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचा आणि अंगाला टेकू देऊ नका, टेकलेल्या जागी डास बाहेरूनही चावतो. दिवसा झोपणाऱ्या तान्ह्या बाळाला ती दिवसाही लागते. कॉइल बंद खोलीत लावू नका. तिच्या धुराचा छातीला त्रास होतो, आणि कडुलिंबाच्या पाल्याचा धूरही धूरच असतो. मोबाइलमधल्या आवाजाच्या अॅपने डास पळत नाहीत.

अंगाला लावायच्या मलमात डीईईटी हे डास दूर ठेवणारं रसायन १० टक्के असेल तर साधारण दोन तास, ३० टक्के असेल तर पाचेक तास संरक्षण मिळतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नका, मोठ्या मुलांच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळही नको. सिट्रोनेला किंवा कडुलिंबाच्या तेलाचा परिणाम लवकर ओसरतो.

गल्लीत धुराची गाडी आली की पोरं मागे पळतात आणि मोठी माणसं दारं लावून घेतात. दोन्ही चूक. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, अन्न-पाणी झाका, लहान मुलं आणि दमेकरी तेवढ्यापुरते दूर जाऊ द्या. धुराने उडते डास मरतात, अळ्यांना काही होत नाही.

चावल्यावर

डासाच्या लाळेला शरीर प्रतिक्रिया देतं म्हणून गांध उठते. आधी साबण-पाण्याने धुवा. मग बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरा, उघडा बर्फ कातडीवर नको. तरी खाज राहिली तर एक चमचा खाण्याचा सोडा थेंब थेंब पाण्यात कालवून दाटसर लेप लावा आणि दहा मिनिटांनी धुऊन टाका. कॅलामाइन लोशनही चांगलं. रात्री झोप लागत नसेल तर मोठ्या माणसाने सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायला हरकत नाही, पण तिने झापड येते, गोळी घेऊन गाडी चालवू नका. मुलांना डॉक्टरांना विचारूनच द्या. चुना आणि टूथपेस्ट लावू नका, त्याने कातडी भाजते किंवा चरचरते. पोरांची नखं कापा. खाजवून फुटलेली गांध लाल होत पसरली, गरम लागली किंवा तिच्यात पू धरला तर डॉक्टरांना दाखवा.

डास फार झालेले असताना ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही डेंग्यूची रक्ततपासणी उपयोगी पडते, सोबत मलेरियाचीही करून घ्या. डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमाराला प्रकृती बिघडू शकते. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, ग्लानी यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता सिव्हिल किंवा जवळचं रुग्णालय गाठा. घरी असलेल्या पेशंटला ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्या दिवसांत विषाणू त्याच्या रक्तात असतो, आणि त्याला चावलेला डास पुढे घरातल्या बाकीच्यांना चावतो.