जास्वंदीची नवी रोपं तयार करताना या चुका टाळा

ठाण्या-नवी मुंबईत खिडकीच्या ग्रिलमध्ये हायब्रीड जास्वंद भरभरून फुलते, पण बोंड, म्हणजे बियांचं फळ, काही धरत नाही. बहुतेकदा चुकते ती वेळ. पावसाळ्यात पराग भिजून वाया जातो आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तो लवकर निकामी होतो. आपल्याकडे संकर, म्हणजे एका जातीचा पराग दुसरीच्या फुलाला लावून नवं बी धरणं, करायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

बहुतेक फुलं एकाच दिवसाची, म्हणून दुपारची वाट बघू नका. सकाळी पराग कोरडा, मोकळा झाला की मधल्या दांडीच्या टोकावरच्या पाचही मखमली गोंड्यांना तो हलक्या हाताने लावा. एकाच गोंड्याला लावला तर बिया कमी धरतात. लगेच देठाला लेबल बांधा आणि त्यावर लिहा: आधी बी धरणारं झाड, मग पराग देणारं. मार्कर उन्हात उडतो, पेन्सिल टिकते.

काही दिवसांतच फूल देठासकट गळलं तर संकर फसला. पुन्हापुन्हा असंच झालं तर जोडी उलटी करा, कारण काही जाती बी धरत नाहीत पण त्यांचा पराग चालतो. देवपूजेच्या साध्या लाल जास्वंदीला तर बोंड क्वचितच येतं. तिच्यावर हंगाम घालवू नका.

बोंड पिकायला साधारण दीड-दोन महिने लागतात. हिरवं असताना तोडलं की बी कच्चं निघतं. पिकल्यावर उशीर केला तर बोंड तडकून बिया थेट खालच्या मजल्यावर. त्याला आधीच जाळीची पिशवी बांधा आणि तपकिरी होऊन फटी दिसल्यावरच काढा.

बियांचं कवच टणक असतं. टोकदार बाजू सोडून दुसरीकडे नेलकटरने किंचित टवका काढा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) सम प्रमाणात घेऊन त्यात एक सेंटिमीटर खोल पेरा. रोपाचा बुंधा काळा, बारीक पडून ते आडवं झालं तर पाणी जास्त झालंय. मिश्रण फक्त ओलसर हवं.

सगळ्यात महागात पडते ती पहिल्या फुलावरून केलेली निवड. पहिली फुलं बरेचदा लहान येतात, आणि तापमानाप्रमाणे रंगही पालटतो. एक थंडी आणि एक उन्हाळा बघाच. पाकळी जाड आहे का, देठ फूल पेलतो का, कळ्या गळतात का, बुंध्यापासून फांद्या फुटतात का, पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) किती लागतो, हे लिहून ठेवा. नुसता रंग सुंदर आणि झाड रोगट, असं रोप मन घट्ट करून काढून टाका. गॅलरीतली जागा फार मोलाची आहे.

आवडलेलं रोप एकुलतं एक ठेवू नका. त्याच्या बीपासून तेच फूल येणार नाही, आणि साचलेल्या पाण्याने मुळं कुजली तर सगळी मेहनत पाण्यात. पहिल्या पावसानंतर त्याच्या पेन्सिलएवढ्या जाड फांदीवर गुटी बांधा, म्हणजे थोडी साल गोल काढून तिथे ओलं मॉस प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आणि मुळं दिसली की वेगळ्या कुंडीत लावा.