अमेरिकेत रोड ट्रिपला रेडिओ स्कॅनर (फायर, पोलिस वगैरेंचं वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा रेडिओ) नेताय?
रूटवरच्या काउंट्यांची (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची) लिस्ट आदल्या रात्रीच काढा आणि रेडिओरेफरन्स या वेबसाइटवरून फायर, अँब्युलन्सच्या फ्रिक्वेन्सी भरून ठेवा, गाडीत बसून ते जमत नाही. काउंटी पी२५ या डिजिटल रेडिओ पद्धतीवर असेल तर साध्या अ‍ॅनालॉग स्कॅनरवर नुसती घरघर येते, आणि बोलणं एन्क्रिप्टेड (सांकेतिक करून बंद केलेलं) असेल तर महागड्यावरही काही कळत नाही. पण एनओएए या सरकारी संस्थेचे हवामानाचे ७ चॅनल, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ, हे सगळ्यात आधी टाका, डोंगरात मोबाईलची रेंज गेली की वादळाची सूचना तिथेच मिळते. आणि हो, न्यूयॉर्क, फ्लोरिडात गाडीत पोलिसांची फ्रिक्वेन्सी पकडणारा रेडिओ परवानगीशिवाय चालत नाही, हॅम (हौशी रेडिओ) लायसन्सवाल्यांना सूट आहे, त्यामुळे दुसऱ्या राज्यात शिरायच्या आधी तिथला नियम नक्की बघा.